दुसरा बाण : कर्करुग्णाच्या वेदनेत स्मृती आणि संगीत

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांला 'ध्यान आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे आणि आमचा अधिकार लहान आहे. आम्ही डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, संगीतकार तर मुळीच नाही. कर्करुग्णांच्या खाटेशेजारी जाऊन बसणाऱ्या काही स्वयंसेवकांचा आमचा एक लहानसा गट आहे. तेव्हा त्या खाटेशेजारी जे पाहिले, जे चुकले आणि मागाहून वाचून जे समजले, तेवढेच आपल्यासमोर ठेवणार आहोत. चुकले ते आधी सांगतो, कारण आमचे खरे शिक्षण तिथूनच सुरू झाले.

एक मावशी होत्या. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला. आम्ही त्यांना आनापान शिकवले. श्वास आत येतो तो पाहायचा, बाहेर जातो तो पाहायचा. शरीरात वेदना उठली तर तिच्याशी भांडायचे नाही, ती नुसती पाहायची. मावशी मोठ्या श्रद्धेने करीत. आम्ही गेलो की हसून हात जोडीत. परिचारिकेने विचारले, 'मावशी, दुखतंय का?' तर म्हणत, 'नाही बाई, बरंय.' आम्हांला वाटे, पाहा, ध्यानाचा केवढा हा परिणाम! एके दिवशी त्यांच्या मुलीने आम्हांला बाहेर बोलावले आणि सांगितले, 'आई रात्रभर पदराचा बोळा तोंडात धरून पडलेली असते.' आम्ही आत जाऊन मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, 'पोरांनो, तुम्हीच सांगितलंत ना, वेदना नुसती बघायची? मी बघतेच आहे की!'

मित्रहो, त्या दिवशी आमची मान खाली गेली. मावशींची साधना चुकली नव्हती, आमची शिकवण अपुरी होती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मॉर्फिन सुरू केले. दोन दिवसांनी मावशी शांत झोपल्या. जाग आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती गाणे. त्यानंतरच त्यांचे खरे ध्यान सुरू झाले, असे आम्हांला आज वाटते.

आमचे आजचे सारे म्हणणे या एका प्रसंगात आहे. ध्यान आणि संगीत ही कर्करुग्णाला मिळणारी मोठी मदत आहे. परंतु ती औषधाच्या शेजारी बसणारी मदत आहे, औषधाच्या जागी बसणारी नाही.

तथागतांनी ही गोष्ट फार पूर्वी एका दृष्टांतातून स्पष्ट केली आहे. संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत येतो. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. त्यावर तो शोक करतो, घाबरतो, छाती बडवून घेतो. हा दुसरा बाण, मनाचा. सामान्य माणसाला दोन्ही बाण लागतात. शिकलेल्या श्रावकाला पहिलाच लागतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पहिला बाण लागतच नाही, असे तथागतांनी म्हटलेले नाही. तो उपटून काढायला वैद्य लागतो. आम्ही मावशींना दुसऱ्या बाणाचे औषध दिले आणि पहिला बाण तसाच रुतू दिला.

कर्करुग्णाचा दुसरा बाण कोणता? दुखणे वाढेल काय, ही धास्ती. पुढच्या तपासणीत काय निघेल, ही चिंता. घर गहाण पडले, मुलीचे शिक्षण थांबले, ही टोचणी. केमोथेरपी घेणाऱ्या कित्येकांना पुढे पुढे रुग्णालयाची पायरी दिसली, नुसता तो वास आला, तरी मळमळ सुरू होते. औषध अजून शिरेत गेलेलेही नसते. शरीर मागचा अनुभव आठवून आधीच उलटीची तयारी करते. हे ढोंग नव्हे, डॉक्टरांना परिचित असलेले लक्षण आहे. मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत नाही, हे यावरून कळते. आणि मनाच्या बाजूने शरीराला मदत करता येईल, ही आशाही त्यातूनच निर्माण होते.

आता विज्ञान काय म्हणते ते थोडक्यात पाहू. सन १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बसून श्वास पाहणे, पडल्या पडल्या पायापासून डोक्यापर्यंत शरीराचा एकेक भाग जाणणे, हलकी योगासने, असे त्याचे स्वरूप. त्यांनी या पद्धतीसाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला. आपण ज्याला सती म्हणतो, सम्यक स्मृती म्हणतो, तीच ही. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी चार क्षेत्रे सांगितली आहेत. त्यांतील पहिली दोन या रुग्णालयीन कार्यक्रमाचा पाया आहेत. कबाट-झिन यांनी धर्माचे नाव बाजूला ठेवून ही पद्धत रुग्णालयात नेली. कोणत्याही पंथाच्या रुग्णाला ती परकी वाटू नये, हा त्यामागील हेतू होता.

ही पद्धत कर्करुग्णांपर्यंत नेण्याचे मोठे काम कॅनडातील कॅलगरी येथे झाले. मायकेल स्पेका, लिंडा कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ९० कर्करुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना सात आठवडे, दर आठवड्याला दीड तास शिकवले. काहींना प्रतीक्षायादीवर ठेवले. शिकलेल्यांच्या मनःस्थितीतील बिघाड ६५ टक्के आणि ताणाची लक्षणे ३१ टक्के कमी झालेली आढळली. गाठ लहान झाली, असे त्यांनी म्हटलेले नाही. ते त्यांनी तपासलेही नव्हते.

दुसरा एक प्रयोग दोन बाणांचा अर्थ उलगडून दाखवतो, म्हणून सांगतो. फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १५ निरोगी माणसांना चार दिवस ध्यान शिकवले आणि त्यांच्या पायाला सोसवेल इतपत गरम चटका देऊन पाहिले. ध्यानानंतर वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी भासली. परंतु वेदनेचा नकोसेपणा ५७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे चटका तोच, पण त्याचा त्रास निराळा. त्याच संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, शरीरात निर्माण होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा परिणाम औषधाने रोखला, तरीही ध्यानाने वेदना कमी होते. ध्यानाची वाट मॉर्फिनच्या वाटेहून वेगळी दिसते. मग एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा हट्ट कशाला? हे प्रयोग निरोगी लोकांवरचे आहेत, कर्करुग्णांवरचे नव्हेत, एवढे मात्र आपण विसरू नये.

आता संगीताकडे येऊ. येथेही आमची एक फजिती झाली. एक काका होते, फुप्फुसाचा कर्करोग. आम्ही नेहमीप्रमाणे श्वास पाहायला सांगितले. काकांनी डोळे मिटले आणि क्षणात घाबरून उघडले. म्हणाले, 'अहो, श्वासच तर पुरत नाही मला, आणि तुम्ही तोच बघा म्हणता!' खरेच होते. ज्याला धाप लागली आहे त्याच्यासाठी श्वास हाच भीतीचा विषय असतो. मग आम्ही मोबाईलवर संथ बासरी लावली. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'ही बासरी बंद करा बुवा, मयताला बसल्यासारखं वाटतंय.'

काका तरुणपणी एका गायन पार्टीत ढोलकीवर साथ करीत, हे आम्हांला त्यांच्या पत्नीकडून कळले. पुढच्या खेपेला आम्ही वामनदादा कर्डकांचे एक गीत लावले. काकांचे बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरू लागले. आम्ही म्हणालो, 'काका, आज श्वासाकडे नका पाहू. फक्त ढोलकी ऐका. मन दुसरीकडे गेलं की परत ढोलकीवर आणा.' सात-आठ मिनिटे काका ऐकत होते. खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. धाप गेली नाही, पण धापेची भीती तेवढा वेळ बाजूला झाली. गाणे संपल्यावर म्हणाले, 'ढोलकीवाला दुसऱ्या कडव्यात जरा घाई करतोय.' इतके लक्ष लागले होते!

स्मृती आणि संगीत यांची गाठ आम्हांला तेथे सापडली. स्मृतीला टेकायला एक आलंबन लागते. श्वास हे उत्तम आलंबन, परंतु ते एकमेव नाही. जेथे श्वास हेच दुःख झाले आहे, तेथे नाद आलंबन होऊ शकतो. मावशींनीही मॉर्फिननंतर जात्यावरच्या ओव्या मागितल्या होत्या. त्यांची मुलगी हलक्या आवाजात म्हणे आणि मावशी एकेक ओळ ऐकत पडून राहत.

मावशी आणि काका यांच्याबाबत आम्हांला जे अपघाताने कळले, ते इतरत्र पद्धतशीरपणे केले जाते. अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या टेरेसा लेसियुक यांनी २०१५ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या १५ स्त्रियांना चार आठवडे, आठवड्यातून एक तास, स्मृती आणि संगीत यांची एकत्रित उपचारपद्धती दिली. स्त्रियांची एकाग्रता सुधारली, आणि प्रत्येक बैठकीनंतर सर्वांत अधिक कमी झाला तो थकवा. १५ ही संख्या लहान आहे, तेव्हा त्यावर मोठा इमला बांधू नये. परंतु संगीताविषयी एकूण पाहणी मोठी आहे. कॉक्रेन या संस्थेसाठी जोक ब्राट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्ण होते. संगीतामुळे प्रौढ रुग्णांची चिंता, नैराश्य, वेदना आणि थकवा कमी होण्यास मदत होऊ शकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुराव्याचा दर्जा बऱ्याच ठिकाणी कमी आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. कारण उघड आहे. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येते. कानावर गाणे पडते आहे की नाही, हे कसे लपवणार?

सन २०२३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने एकात्मिक कर्करोग-चिकित्सा संस्थेबरोबर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत चिंता आणि नैराश्यासाठी स्मृति-आधारित पद्धतींची शिफारस उपचार चालू असताना आणि नंतरही केली आहे. उपचारकाळातील चिंतेसाठी संगीतोपचाराचाही समावेश आहे. म्हणजे आपण बोलतो आहोत ती हौशी माणसांची कल्पना राहिलेली नाही. तरी एक भेद सांगितला पाहिजे. प्रशिक्षित संगीतोपचारक रुग्णाबरोबर बसून गातो, वाजवतो, त्याच्या प्रतिसादाप्रमाणे लय बदलतो, तो उपचार. आम्ही मोबाईलवर गाणे लावतो ती सोबत. सोबतीचेही मोल आहे, पण तिला उपचार म्हणू नये.

येथे काही उपासकांनी आम्हांला एक शंका विचारली आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेताना आपण नृत्य-गीत-वादनापासून विरत राहतो. मग रुग्णाला गाणे ऐकवणे कितपत योग्य? आमचे नम्र मत असे. ते शील घेणाऱ्याने स्वतःच्या मनाचा संयम राखण्यासाठी घ्यायचे असते, वेदनेत पडलेल्या माणसावर लादण्यासाठी नव्हे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा वाजवून गातो, तेव्हा त्याच्या तारांचा आणि गळ्याचा सूर जुळला आहे, अशी प्रशंसा तथागतांनी केली आहे. सोण या भिक्खूला त्यांनी वीणेच्याच तारेवरून समजावले की, तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपण जाणताच. तरीही एखाद्या रुग्णाला गाणे नको असेल, शांतताच हवी असेल, तर ती शांतता हेच त्याचे संगीत समजावे.

आता स्वयंसेवकांसाठी आणि घरच्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

गाणे रुग्णाने निवडावे. आपल्या आवडीचे त्याच्या कानी घालू नये. त्याला बोलवत नसेल तर घरच्यांना विचारावे. आवाज हलका ठेवावा; शेजारच्या खाटेवरही आजारी माणूस आहे. कानात घालायची यंत्रे दुसऱ्या रुग्णाची वापरू नयेत, पुसून स्वच्छ ठेवावीत, कारण केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्ग लवकर होतो. सिस्प्लॅटिनसारख्या काही औषधांनी ऐकू कमी येते, कान वाजतात. अशा वेळी आधी डॉक्टरांना सांगावे. एखाद्या गाण्याने जुनी जखम उघडते, रडू येते. रडणे वाईट नाही, परंतु रुग्ण 'पुरे' म्हणाला की तत्क्षणी बंद करावे.

ऐकण्याची रीत सोपी आहे. शरीराला जमेल तसे पडावे वा टेकून बसावे. पाच ते दहा मिनिटे पुरेत. एकाच वाद्यावर किंवा एकाच आवाजावर लक्ष ठेवावे. मन गेले की त्याला न रागावता परत आणावे. शेवटी हात, पाय, छाती कशी वाटते, एवढेच जाणावे. श्वास सुखाचा असेल त्याने श्वास पाहावा. धाप असेल त्याने नाद ऐकावा किंवा तळपायाचा स्पर्श जाणावा. गंभीर आजारात दहा दिवसांच्या निवासी शिबिराला धाडण्याची घाई कोणी करू नये. विपश्यना ही रोगावरील उपचारपद्धती नाही, असे शिबिरांच्या नियमांतच सांगितलेले असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ध्यानाला बसवण्यापूर्वी विचारावे, 'किती दुखतंय? शून्य ते दहात सांगा.' आकडा मोठा असेल तर ध्यान नाही, आधी परिचारिका, आधी डॉक्टर. ही शिस्त आम्ही मावशींकडून शिकलो. मॉर्फिनचे नाव काढले की आपल्याकडे दोन भीती उभ्या राहतात : व्यसन लागेल आणि आता शेवट आला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे आणि मृत्यूची वर्दीही नव्हे. ते मिळण्यातील परवान्यांची गुंतागुंत कमी व्हावी म्हणून संसदेने २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली आहे. आपल्या राज्यात उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, देणाऱ्या जागा आहेत. भारतातील पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये सुरू झाले. पुण्याला वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र १९९७ पासून आहे. १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात लांबलांबून माणसे येतात आणि त्यांतील कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. त्यांना या गोष्टी सांगणारे कोणी तरी हवे असते. ते काम आपले आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. त्यानंतर तथागतांनी सेवा करणाऱ्याचे आणि सेवा घेणाऱ्याचे गुण सांगितले. ज्याची सेवा करणे सोपे जाते असा रुग्ण कोणता? जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपले दुखणे वाढले की घटले हे हितचिंतकाला जसेच्या तसे सांगतो आणि वेदना सोसू शकतो. मित्रहो, क्रम पाहा. औषध घेणे आधी, खरे सांगणे आधी, सोसणे शेवटी. हा उतारा आम्ही पूर्वी कितीदा वाचला होता. परंतु मावशींच्या पदराचा तो बोळा पाहिल्यावाचून त्याचा अर्थ आम्हांला कळला नाही.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती करतो. तुमच्यातील कोणी परिचारिका होईल, कोणी डॉक्टर, कोणी समाजसेवक, कोणी गायक. आपल्या भाषेतील ओव्या, भीमगीते, पाळणे, लोकगीते यांचा आपल्याच रुग्णांवर काय परिणाम होतो, हे मोजून, लिहून, तपासून पाहा. श्रद्धेने मान्य करू नका आणि तुच्छतेने झिडकारूही नका. पाहून, पारखून स्वीकारा. तथागतांची शिकवण हीच आहे.

मावशी आज नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आम्हांला एकदा जवळ बोलावले आणि म्हणाल्या, 'आता कमी दुखतंय, म्हणून नीट बघता येतंय.' शिकवायला आम्ही गेलो होतो. शिकवून त्या गेल्या. आपण कोणत्याही रुग्णाच्या खाटेशी जाल तेव्हा ध्यान सांगण्याआधी आणि गाणे लावण्याआधी, एवढे विचारा : 'दुखतंय का?' आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याच्या पदराकडे, त्याच्या मुठीकडे एकवार पाहा.